आमदारबाईंनी सोडलेली गाडी

मी आमदारबाईंची काळी गाडी बोलतेय. खरं तर आता मी बाईंची नाही, पण तोंडी बसलेलं नाव सुटत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. बाई निवडून आल्या आणि मी सरकारी खर्चाने त्यांच्या दारात उभी राहिले. चालकमामा टाकी काठोकाठ भरायचे. मी किती पिते, हे कुणी कधी विचारलं नाही.

मग इंधनाचे भाव कडाडले. लोक चिडले. बाई सत्ताधारी पक्षातल्या. पक्षाने त्यांना भाषण लिहून दिलं, सगळं खापर परदेशातल्या बाजारावर फोडणारं. मागच्या सीटवर बसून बाई ते पाठ करायच्या.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी आम्ही पंपावरची रांग मोडून पुढे घुसलो. रांगेतली एक परिचारिका स्कूटरवरून उतरली आणि माझ्या काचेवर टकटक करू लागली.

"बाई, तुमची एक टाकी म्हणजे माझा अख्खा महिना! अंथरुणाला खिळलेले बावीस जण आहेत माझ्याकडे. घरोघर जाऊन जखमा धुते. पेट्रोल पदरचं. आठवड्यातून तीनदा जायचे, आता एकदाच जाते."

मामा तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात बाईंनी दार उघडलं. "बसा आत. मला दाखवा."

स्कूटर पंपावर ठेवून आम्ही एका निवृत्त मास्तरांच्या घरी गेलो. मी खिडकीखाली उभी होते. पाठीवरची पट्टी निघताना मास्तर कण्हले. म्हणाले, "सिस्टर, सहा दिवस झाले. वाटलं, विसरलात मला."

परतताना बाई भाषणाचा कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी सभागृहातलं कामकाज मोबाइलवर लावलं. बाईंचा आवाज खणखणीत होता. "भाव माझ्या हातात नाहीत. गाडी आहे. ती मी आजच सोडते. आपल्या सगळ्या आमदारांचं सरकारी इंधन निम्मं करा आणि ते घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांना द्या."

एकच गोंधळ उडाला. त्यांच्याच पक्षातलं कुणीतरी ओरडलं, "नाटक पुरे!"

"नाटक तर नाटक! तुम्हीही या, पात्रं कमी पडताहेत."

मामा खो-खो हसले, आणि मग माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "बये, आता आपलं दोघांचं काय?"

पक्षाने बाईंना समितीवरून काढलं. बाईंनी मांडलेला इंधनाचा ठराव दोनदा पडला. बाई हटल्या नाहीत. तिसऱ्यांदा चार मतांनी मंजूर झाला. परिचारिकांना पेट्रोल मिळू लागलं. मला आरोग्य केंद्रात पाठवलं, लांबच्या वस्त्यांसाठी, आणि बाईंच्या शब्दावर मामांनाही माझ्यासोबत. बाई आता बसने जातात.

माझ्या सीटला औषधांचा वास येतो, दारावर ओरखडे आहेत. पण अशी ऐट मला तेव्हाही नव्हती.

रस्त्यात भेटले तर घाबरून बाजूला होऊ नका. फक्त माझ्यापुढे गाडी आडवी लावू नका. आत सिस्टर बसल्या आहेत, आणि त्यांची अजून पाच घरं व्हायची आहेत.