मौनस्वामींचा मुका संगणक

निपाणीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर हारबीर घातलेला एक संगणक आणि शेजारी मौनस्वामी. नाव मौन, पण तोंड गिरणीच्या पट्ट्यासारखं अखंड चालू.

"भक्तांनो, तुमचा संगणक घरघरतो? रेंगाळतो? अहो, त्याच्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते. चकती कसली, साडेसाती फिरते! आमच्या सिद्ध डिस्कमध्ये काही म्हणजे काही फिरत नाही!"

त्यांनी बटण दाबलं. लोकांचा 'ओम' पुरा व्हायच्या आत पडदा उजळला. आवाज म्हणाल तर मुंगीच्या पावलाएवढाही नाही. सगळ्यांनी हात जोडले.

नागुबाईंनी जोडले नाहीत. त्यांचा उभा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेला होता. शाळा दुसरीपर्यंत, पण त्यांच्याशी भाव करताना भलेभले दलाल घाम पुसायचे. आज त्या आल्या होत्या सून नीलमवर नजर ठेवायला. नीलमच्या पदराखाली घरच्या संगणकातून काढलेली जुनी डिस्क होती, आणि डिस्कमध्ये मारुतीरावांची भजनं. नागुबाईंचा हा नवरा गेल्यावर त्याचा आवाज तेवढाच उरला होता. दुसरीकडे कुठंच नव्हता.

"जुनी चकती आमच्याकडं द्यायची. आम्ही ती वेदगंगेत सोडणार," स्वामी सांगत होते. "त्यातलं सगळं मंत्रानं सिद्ध डिस्कमध्ये उतरतं. सील मात्र फोडायचं नाही. फोडलं की शक्ती उडाली!"

"आत्याबाई, देऊया की हो," नीलम कुजबुजली. "घरघरीत मामंजींचं भजन नीट ऐकू येत न्हाय, असं तुम्हीच म्हणता."

"मंत्रानं उतरतं व्हय? मग आधी तुझ्या म्हायेरचं तूप माझ्या डब्यात उतरू दे."

नागुबाई तरातरा व्यासपीठावर चढल्या. बेळगावात संगणकाचं शिकणारी नात रचना मागोमाग.

"माई, अंतर ठेवा!" शिष्य आडवा आला.

"का रं? देव न्हाय, डबा हाय त्यो."

त्यांनी संगणकाच्या पेटीवर तळवा टेकला आणि चटकन मागं घेतला. ओला तंबाखू दाबून भरला की त्याचं बोद, म्हणजे बांधलेलं गाठोडं, आतनं असंच तापतं. वर सोन्यासारखी पानं, आत कुजका माल. म्हणून निपाणीत बोदात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय कुणी माल घेत नाही. आणि तीच माणसं इथं भंडारा लावलेल्या सीलपुढं हात बांधून उभी!

"रचना, हे आतनं बिघडलंय. उघड."

रचनानं पेटीचं झाकण काढलं. "आज्जी, पंख्याची वायरच काढून ठेवलीया. आवाज कुठनं येणार? पण असंच चालवलं तर मशीन भाजून निघंल." तिनं प्लग उपटला, वायर जोडली, प्लग पुन्हा लावला आणि बटण दाबलं. पंखा घुमला. पडदा काळाच. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं पान जमवून तोंडात टाकलं, तरी काळाच.

"मघाशी हे बंद नव्हतंच," रचना म्हणाली. "झोपवून ठेवलं होतं. हाक मारली की उठतंय."

"कलियुगात शंका हेच—" स्वामींनी सुरू केलं.

"शंका माझी, डिस्क तुमची." नागुबाईंनी टेबलावरची सिद्ध डिस्क उचलून नखानं सील फोडलं. आत बोटाच्या पेराएवढा पेन ड्राइव्ह, आणि वजन लागावं म्हणून चिकटवलेला लोखंडी नट.

"शक्ती उडाली," त्या म्हणाल्या. "नट तेवढा ऱ्हायला."

सभागृह हसलं, मग खवळलं. रचनानं आवाज चढवला, "ऐका! न फिरणारी डिस्क खरी असते. एसएसडी म्हणतात तिला. आत चिपा असतात म्हणून ती मुकी आणि चपळ, मंत्रामुळं न्हाय. पंख्याचा आवाज मात्र तिनं जात न्हाय. त्याला धूळ पुसावी लागते. पण या खोट्या डिस्कवर जागेचा मोठा आकडा दिसतो, फायलींची नावं दिसतात, आणि जागा संपली की पुढचं सगळं गडप! आजोबांची भजनं गेली असती."

नीलमनं जुनी डिस्क छातीशी धरली. स्वामी मागल्या दारानं पसार झाले होते.

"देवाला हात जोडा," नागुबाई गर्दीला म्हणाल्या, "पण मालाला हात लावून बघा. तपासू देत न्हाय त्याच्याकडनं काडी घिऊ नका, मग त्यो भगव्यात असू दे न्हायतर सुटात."

पुढं पावतीवाल्या दुकानातून खरी एसएसडी आली. रचनानं पंख्याची धूळ पुसली, भजनं उतरवली, एकेक पुरतं ऐकून पाहिलं आणि जुनी डिस्क कपाटात जपून ठेवली. घरघर थांबलेल्या खोलीत मारुतीराव गाऊ लागले. नागुबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"तिसऱ्या कडव्यात चुकलं," त्या म्हणाल्या. "जित्तेपणी मी सांगायची, तर म्हणायचं तुझे कान खोटे. लाव गं पुन्यांदा."