ताटांची अदलाबदल

“तुझं ताट इकडं दे,” मी म्हणालो.

धुरपदानं तिचं ताट सरकवलं आणि माझं स्वतःपुढं ओढलं. आमच्याकडे बाई नवऱ्याबरोबर जेवायला बसत नाही, पण दोन महिने मी तिला बसवत होतो. बायको असली म्हणून काय भरवसा? ती पहूरला माहेरी जाऊन आली आणि माझ्या पायांतली ताकदच गेली! रावेर स्टेशनात केळीचे दोन-दोन घड खांद्यावर घेऊन वॅगन भरणारा मी, जीवराम. आता रिकाम्या हातानं वॅगनला लावलेली फळी चढताना लटपटत होतो. तळव्यांना जमीन कळत नव्हती. ही जेवणात काहीतरी कालवते, असा माझा पक्का संशय होता.

“अहो, तुम्हाले मारून मले काय भेटीन?” ती एकदा म्हणाली.

“ते तुलेच ठाऊक!”

शेवटी गिरधर मुकादमानं सांगितलं, पाय धड कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको. म्हणून आम्ही दोघं जळगावला डॉक्टरकडं गेलो. त्यांनी जीभ पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली.

“मांस, अंडी खाता?”

“छे छे! पिढ्यान्‌पिढ्या नाही.”

“दूध?”

“सोडलं. आठ वर्षं झाली.”

दूध विकायच्या हव्यासापायी मी म्हशीचं पारडू उपाशी मारलं. मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवलं. ती ते चाटत राहिली आणि दूध देत राहिली. त्या दिवसापासून दूध, ताक, तूप सगळं बंद.

“तेच नडलंय. बी-ट्वेल्व जीवनसत्त्व कमी पडून नसा दुबळ्या झाल्यात.”

“म्हणजे विष नाही?” मी विचारलं.

“कसलं विष? इंजेक्शनं घ्या, आणि रोज दूध प्या.”

लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. धुरपदा गाठोड्याची गाठ सोडत होती आणि तिची बोटं सारखी निसटत होती. “बाई, जीभ दाखवा.” तिचीही माझ्यासारखीच, लालभडक आणि गुळगुळीत. “तुम्ही कधीपासून दूध घेत नाही?”

“यायनं सोडलं तवापासून. हे पीत नाही, मग मी कशी पिऊ?”

दोन महिने मी तिच्या हातांवर पाळत ठेवून होतो! मेल्या मला ती बोटं दिसली नाहीत.

घरी आल्यावर शेजारच्या भिकनकडून दूध आणलं. पारडू गेलेल्या त्या आमच्या म्हशीची मनातल्या मनात माफी मागितली आणि दोन पेले भरले. धुरपदा माझ्याकडं बघत थांबली.

“पेले बदलायचे का?” तिनं सवयीनं विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढ्यातला पेला तोंडाला लावला.

मग तिनं तिचा उचलला, दोन्ही हातांनी.