वरची कडी

रुग्णवाहिकेच्या नंबरवर फोन केला की पलीकडून बहुतेक वेळा एका बाईचा आवाज यायचा. त्या आवाजाला घाई नसे, पण तो वेळही दवडत नसे. ‘घाबरू नका. आधी पत्ता सांगा.’ ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. लोक फोनवर रडत, ओरडत, शिव्यासुद्धा देत; ताई त्यांना एकेक काम सांगत जाई. कुशीवर वळवा. गॅस बंद करा. दार उघडून ठेवा. तिच्या आवाजाने माणसं ताळ्यावर येतात, असं शेजारच्या टेबलावरचा तात्या म्हणायचा, आणि तात्या उगाच कुणाला चढवणाऱ्यातला नव्हता.

घरी मात्र या आवाजाचं कुणाला अप्रूप नव्हतं. ‘‘फोनवर साखर आणि आमच्या वाट्याला मिरची,’’ सासूबाई म्हणायच्या. त्या स्वतः बसवर कंडक्टर होत्या. उभा जन्म गर्दीला पुढे सरकवण्यात गेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. मागच्या वर्षी झटका आला, डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ जड झाली; पण हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. बाहेरच्या खोलीत आतल्या भिंतीशी त्यांची खाट होती. उठायचं तर चार पायांचा वॉकर उजव्या हाताने पुढे ढकलायचा आणि पाय ओढत न्यायचा. ताईचा नवरा मालट्रक चालवायचा. तो महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर, म्हणजे घरात दोघीच आणि दोन वर्षांची चिऊ.

दिवसभर दुसऱ्यांच्या घरातली संकटं ऐकून ताईला आपल्या घरात सगळीकडे संकटं दिसत. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं होतं, औषधं वरच्या फळीवर, प्रत्येक खोलीत टॉर्च. चिऊ दाराचं लॅच फिरवायला शिकली आणि एकदा खालच्या मजल्याच्या जिन्यात बसलेली सापडली. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून तिने मुख्य दाराला अगदी वर एक कडी बसवून घेतली. तिला स्वतःलाच ती टाचा उंचावून काढावी लागे.

‘‘म्हणजे मी आता कोंडलेलीच,’’ सासूबाई म्हणाल्या होत्या.

‘‘आई, चिऊसाठी आहे ती.’’

‘‘मला पण चिऊतच धर मग.’’

सुतार आलाच होता तर गॅलरीचं दारही दाखवायला हवं होतं. त्या दाराला तळाशी एक बोल्ट होता, जमिनीतल्या भोकात उतरणारा. खाली सहज उतरायचा, पण भोकातल्या गंजामुळे तिथे इतका घट्ट बसायचा, की दार अंगाने दाबून दोन्ही हातांनी वर ओढावा तेव्हा हलायचा. पण तो कुणी लावतच नव्हतं. बघू पुढच्या वेळी, असं म्हणून ते राहून गेलं. मुख्य दाराची जास्तीची किल्ली शेजारी द्यायची तीही राहिली. आणि दिली असती तरी वरची कडी आतून लागलेली असताना किल्लीचा काय उपयोग, हा विचार तर कुणाच्या डोक्यातही आला नाही.

त्या दिवशी ताईची सुट्टी होती. ऊन कलायला आलं होतं. चिऊला बटाट्याचे काप हवे होते, म्हणून ताईने कढईत तेल ओतून गॅस मोठा केला. तेल तापेपर्यंत वाळलेले कपडे काढून आणावेत म्हणून ती गॅलरीत गेली. चिऊ मागोमाग आली, उंबऱ्याशी थबकली, आणि हसत हसत तिने दार लोटलं. मग खाली बसून दोन्ही तळव्यांनी बोल्ट दाबला. खट् असा आवाज झाला.

‘‘चिऊ, उघड बाळा.’’

‘‘कुक्!’’ आतून चिऊ म्हणाली.

ताईने दार ओढलं, ढकललं, खांदा लावला. दार जुन्या जाड लाकडाचं होतं, ढिम्म हललं नाही. शेजारी गज लावलेली खिडकी होती. तिच्यातून बाहेरची खोली दिसत होती, खाट दिसत होती, समोर स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. पण ओटा भिंतीआड. फोन खाटेच्या उशाशी चार्जिंगला लावलेला. गजांतून तिने काखेपर्यंत हात आत घातला. बोल्ट कुठल्या कुठे होता.

सासूबाईंचा डोळा लागला होता. ताईने हाका मारमारून त्यांना जागं केलं.

‘‘आई, गॅलरीचं दार आतून लागलंय. गॅसवर तेल आहे. मोठ्या आचेवर.’’

सासूबाई एकदम भानावर आल्या. वॉकर ओढून घ्यायला, उठून उभं राहायला त्यांना वेळ लागला. तोवर ताईने कठड्यावरून ओणवं होऊन आरडाओरडा केला. समोरच्या इमारतीत एक शिंपी खिडकीशी मशीनवर बसलेला असे. त्याने मान वर केली.

‘‘दादा, आमचं दार फोडायला माणसं पाठवा! आणि अग्निशमनला फोन करा! आत बाळ आहे!’’

शिंपी आधी खिडकीतून खाली बघून ओरडला, मग फोन कानाला लावून उभा राहिला. खालून दोघंतिघं जिन्याकडे धावले. थोड्याच वेळात मुख्य दारावर धक्के बसू लागले. लॅच वाकलं असावं, तसा आवाज आला. पण वरची कडी पक्की होती. सुताराने काम चोख केलं होतं.

सासूबाई गॅलरीच्या दाराशी पोचल्या. वाकून बघितलं, गुडघा वाकवायला गेल्या आणि तोल जाऊन भिंतीला टेकल्या. ‘‘नाही गं पोचत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खाली बसले तर उठायची नाही.’’

‘‘मग मुख्य दार. वरची कडी. वॉकर सोडून पोचतो का हात बघा.’’

त्या वळल्या. पण त्याच वेळी स्वयंपाकघरातून धूर येऊ लागला. आधी पातळ, निळसर, मग दाट. तेलाचा घशात बसणारा वास खिडकीपर्यंत आला. ताईने खोलीभर नजर फिरवली. चिऊ दिसेना.

‘‘चिऊ! चिऊ, इकडे ये! आईकडे ये!’’

‘‘काप,’’ स्वयंपाकघरातून चिऊचा आवाज आला.

आणि मग भक् असा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळा उजेड नाचायला लागला. चिऊ किंचाळली, आणि किंचाळत राहिली.

शिंप्याने समोरून हाक मारली. ‘‘वहिनी, ते विचारतायत, आत किती माणसं आहेत? चालता येतं का त्यांना?’’

हेच प्रश्न ताई रोज विचारायची. आणि विचारताना तिला पक्कं ठाऊक असायचं की गाडी निघाली तरी पोचायला वेळ लागणार आहे, आणि तोपर्यंत जे करायचं ते घरातल्याच माणसाने करायचं आहे.

‘‘दोन! एक बाळ, एक अधू बाई!’’ ती ओरडली. मग तिने गज धरले आणि आत बघितलं. सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. एका बाजूला मुख्य दार, एका बाजूला स्वयंपाकघर. त्या सुनेकडे बघत होत्या.

ताईला पुढे कित्येकदा वाटलं की त्या क्षणी आपण काही न बोलता नुसतं रडलो असतो, तर काय झालं असतं. पण तिच्या तोंडून आवाज निघाला तो ऑफिसातला.

‘‘आई, आत जा. चिऊला बाहेर काढा.’’

सासूबाईंचा चेहरा अर्धाच हलायचा. त्या अर्ध्यात जे उमटलं ते ताईने स्पष्ट बघितलं.

‘‘फोनवरच्यासारखं बोलू नकोस माझ्याशी,’’ त्या म्हणाल्या. जीभ अडखळत होती. ‘‘मला भीती वाटते गं.’’

‘‘माहितेय मला. तरी जा. भिंतीच्या कडेने जा. खाली वाकता येईल तेवढं वाका.’’

त्या गेल्या. वॉकरचे पाय फरशीवर टक टक वाजत गेले. धुरात त्यांची पाठ दिसेनाशी झाली. मग चिऊचं किंचाळणं जवळ येऊ लागलं. सासूबाईंनी तिच्या फ्रॉकची मागची बाजू मुठीत धरली होती आणि वॉकर टाकून दिला होता. दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी पोरीला बाहेर ढकललं. चिऊ फरशीवर आपटली, उठली आणि धावत खिडकीशी आली. ताईने गजांतून हात घालून तिचं मनगट पकडलं ते अजिबात न सोडण्यासाठी.

इथे थांबता आलं असतं. पण ओट्याच्या वर लाकडी फळ्या होत्या, शेजारी सिलिंडर होतं, आणि पोर आतच होतं. मुख्य दारावर नुसते धक्के बसत होते.

‘‘आई, गॅसचं बटण. आणि कढईवर मोठी ताटली उपडी टाका. पाणी नाही. पाणी अजिबात टाकायचं नाही.’’

सासूबाईंनी या वेळी मागे वळूनही बघितलं नाही. ‘‘बटण, ताटली,’’ एवढं त्या पुटपुटल्या.

बटण त्यांनी बंद केलं. ते नंतर कळलं. ताटलीही घेतली. पण ती घ्यायची तर ओट्याचा आधार सोडायला हवा होता, आणि हात एकच होता. ताईला दिसलं काही नाही. धातू खणखणल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड पडल्याचा. मग सासूबाईंचा आवाज. चालत्या बसच्या मागच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज, झटक्यानंतर पहिल्यांदाच तेवढा मोठा निघाला.

ताई चिऊचं मनगट धरून उभी राहिली. ‘‘लोळा, आई! जमिनीवर लोळा!’’ ती सांगत राहिली. आतून उत्तर येईनासं झालं तरी सांगत राहिली.

दार शेवटी पहारीने फोडलं. माणसं आत घुसली, कुणीतरी सासूबाईंवर चादर टाकली, कुणीतरी गॅलरीचा बोल्ट हातोडीने वर ठोकून काढला. आग मोठी पसरली नव्हती. फळ्या काळ्या पडल्या होत्या, एवढंच. चिऊला फक्त गुडघ्याला खरचटलं होतं.

रुग्णवाहिका आली तेव्हा वायरलेसवर तात्याचा आवाज चालू होता. पत्ता ऐकूनही त्याला कळलं नव्हतं. आत बसताना ताईने गाडीवाल्याला म्हटलं, ‘‘तात्याला सांगा, मीच आहे.’’

भाजलेल्यांच्या वॉर्डात सासूबाई काही दिवस होत्या. पेटती कढई अंगावर उलटली होती; कमरेखाली फारसं उरलं नव्हतं. एकदाच त्या नीट बोलल्या. ‘‘पोर?’’

‘‘बरी आहे. खेळतेय.’’

‘‘माझा वॉकर आत राहिला,’’ त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, आणते. त्यांनी डोळे मिटले. नंतर ताप चढला, मग त्या कुणाला ओळखेनाशा झाल्या, आणि एका सकाळी ताई तोंड धुवायला गेलेली असताना त्या गेल्या.

नवरा मालट्रक अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या ताब्यात देऊन पहिल्याच दिवशी परत आला होता. आईचं सगळं त्याने एकट्याने आटपलं. येणारीजाणारी माणसं म्हणत, म्हातारीने नातीसाठी जीव दिला, धन्य ती बाई. ताई ऐकून घ्यायची. त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं की म्हातारी आपणहून गेली नव्हती, तिला पाठवलं होतं. ठाऊक होतं ते समोरच्या शिंप्याला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो दिसला की मान खाली घालून मशीन चालवायचा.

ताई कामावर परतली. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचा फोन आला: भावाला विजेचा धक्का बसलाय, तारेला चिकटलाय, मी धरू का त्याला? उत्तर ताईला झोपेतही आलं असतं. मेन स्विच बंद कर, त्याला हात लावू नकोस. पण ओठच उघडेनात. पलीकडे मुलगी हॅलो, हॅलो करत होती. तात्याने तिच्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःला लावला. त्यानंतर ताईने गाड्यांच्या पेट्रोलपाण्याचा हिशेब ठेवणारं टेबल मागून घेतलं. तिथे फोन नव्हता.

शिंप्याकडून ऐकलं होतं, तरी नवऱ्याने विचारायला बरेच आठवडे लावले. चिऊ जेवून झोपायला आली होती, तो तिला मांडीवर थोपटत होता. आवाज न चढवता त्याने विचारलं, ‘‘तू सांगितलंस तिला आत जायला?’’

‘‘हो.’’

‘‘दुसऱ्यांदा पण?’’

‘‘दुसऱ्यांदा पण मीच.’’

तो थोपटत राहिला. पोरीचा श्वास जड झाला.

‘‘घाबरली होती का ती?’’

खोटं बोलणं फार सोपं होतं. रोज शेकडो लोकांना तिने सांगितलं होतं, काही होणार नाही, गाडी येतेच आहे.

‘‘हो,’’ ताई म्हणाली. ‘‘मला म्हणाल्या, भीती वाटते. मी म्हटलं, तरी जा.’’

त्याने चिऊला उचलून खाटेवर ठेवलं, अंगावर पांघरूण घातलं. मग तो स्वयंपाकघरात गेला. भांडी घासायची पडली होती. त्याने नळ सोडला आणि एकेक भांडं धुवायला घेतलं. ताई उठून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पुसायला फडकं घेतलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पण पहिलं भांडं धुवून झालं, तेव्हा ते खाली न ठेवता त्याने तिच्या हातात दिलं.