डावीकडं जाणारा चेंडू

धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि माझा चेंडू डावीकडं जायला लागला. दोन हातांवरनं, जिथनं आंधळ्यानंही भोकात घालावा, तिथनं चेंडू डाव्या काठाला घासून पुढं. एकदा झालं तर नशीब म्हणावं. रोजच व्हायला लागलं तेव्हा मी म्हटलं, सूर्यभान, पाणी कुठंतरी मुरतंय.

तुम्ही म्हणाल, जामखेडकडच्या गड्याला गोल्फ कुठनं आलं? फौजेतनं आलं. साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता मी आणि माझ्या पलटणीतला आदिनाथ शिकलो. पेन्शनीत आल्यावर नगरजवळ घरं बांधली, तीही छावणीचं मैदान जवळ पडावं म्हणून. माजी सैनिकांच्या जोडी-सामन्यात आमची जोडी ठरलेली. सख्ख्या भावाशी जमलं नाही एवढं माझं त्याच्याशी जमलं. आणि संशय आला तो नेमका त्याच्यावरच.

का येऊ नये? लग्नाच्या गडबडीत माझ्या काठ्यांची पिशवी त्याच्याकडं होती. पाहुण्यांची पोरं धुडगूस घालतील म्हणून मीच नेऊन दिली होती. परत आली आणि हे सुरू झालं. शेवटी चेंडू हळूच भोकात ढकलायचा तो पटर. त्याची मान केसभर वाकली तरी खेळ संपला. गेल्या वर्षी मी आदिनाथला एकेरीत हरवलं होतं. हसून हात मिळवला होता पठ्ठ्यानं. जरा जास्तच हसला होता, असं मला आता आठवायला लागलं.

लेथवाल्याला पटर दाखवला. तो म्हणाला, "सरळ हाय की, काका." चौकशी केली तर गडी आदिनाथच्या सासुरवाडीचा निघाला. घ्या!

मी स्वतःचा खेळ तपासला नाही असं नाही. पायातलं अंतर, मनगटं, नजर, सगळं बघितलं. लग्न उरकल्यापासनं अंगणात वाटी पुरून सकाळ-संध्याकाळ सराव तर चालूच होता. घरी चेंडू बरोबर वाटीत. मैदानावर डावीकडं.

"काठी वाकडी असती तर घरी बी चुकला असता की," आमची बायको मनकर्णा म्हणाली.

"मग तो तिथं काहीतरी करतो. मी मारताना खोकतो."

"त्यांना दमा हाय!"

"दमा माझ्याच वेळी बरा येतो?"

मनकर्णानं कपाळावर हात मारला.

शेवटी एके दिवशी मैदानावर, चारचौघांत, माझं डोकं सटकलं. "आदिनाथ, पटर तुझ्याकडं होता. तूच वाकवलास. माझा खेळ बघवत न्हाई तुला!"

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "सूर्या, घरी सराव कुठं करतोस रं?"

"विषय बदलू नको!"

त्यानं पिशवी खांद्यावर टाकली आणि गेला. नंतर फोन उचलेना. रविवारी सामना होता, पण खरं सांगतो, सामन्याचं काही नव्हतं. तीस वर्षांची दोस्ती हातातनं चालली होती, आणि मी अजून पुरावे गोळा करत होतो.

पुराव्यासाठीच मनकर्णाला चेंडूमागं बसवलं आणि मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला. म्हटलं, माझा हात किती सरळ आहे ते सगळ्यांना दाखवतो. बघितला आणि तोंडचं पाणी पळालं. माझा पटर सरळ जातच नव्हता. चेंडू डावीकडं सुटत होता आणि मग गुमान उजवीकडं वळून वाटीत पडत होता.

मी खाली वाकलो. हळदीला मनकर्णानं अंगण शेणानं सारवलं होतं आणि तेव्हापासून दर आठवड्याला सारवत होती. गुळगुळीत झालं म्हणून मी तिथंच सराव धरला होता. तिच्या बोटांच्या अर्धगोल रेघा वाळून कडक झालेल्या, सगळ्या उजवीकडं वळलेल्या. चेंडू त्या रेघांतनं जायचा, आणि माझा हात नकळत डावीकडं मारायला शिकला होता.

"आता माज्या हाताला बी बोल लावा," मनकर्णा म्हणाली.

लाज वाटली. असली लाज वाटली की तसाच उठून आदिनाथकडं गेलो. तो ओट्यावर कांदा निवडत होता. सगळं सांगितलं.

"मला वाटलंच हुतं. लग्नात सारवलेलं बघितलं हुतं मी. म्हनून तर इचारलं."

"चुकलो रे मी. लई चुकलो."

"जाऊ दे. चा घे."

"रविवारी येशील?"

"येतो की. नाव दिलंय आपलं."

आला. वेळेवर आला, चांगला खेळला, माझ्या पिशवीचा बंद तुटला तर आपला काढून दिला. पण मी पटर हातात घेतला की तो लांब झाडापाशी जायचा आणि पाठ करून उभा राहायचा. दोन्ही हात मागं, मला दिसतील असे. खोकला आला तर तोंडावर रुमाल दाबायचा.

शेवटच्या भोकाला चेंडू सरळ गेला, मधोमध पडला. आम्ही जिंकलो.

"आदिनाथ, गेला रं! बघ की!"

"ऐकलं," तो म्हणाला. "तू चेंडू उचल आधी. मग वळतो."