जन्मघराचा पर्यटक-कर

खोलीचं भाडं कुणी मागायच्या आधीच म्हाताऱ्या रफाएलआकांनी देऊन टाकलं. घोडं अडलं ते पर्यटक-करापाशी. नियम असा, की भाड्याच्या घरात उतरलेल्या परदेशी माणसाची नोंद करायची आणि मुक्कामाचा कर भरायचा. रक्कम अगदीच किरकोळ. पण म्हातारा हटून बसला.

“भाडं घे, दुप्पट घे,” ते घरमालकीण होसियतला म्हणाले. “पण पर्यटक? माझी नाळ या घरात कापलीय, बाई. त्या जर्दाळूखाली मी रांगलो. आणि आता मी पर्यटक?”

होसियत त्यांना थोरल्या भावाला म्हणतात तसं आका म्हणायची. बुखाऱ्यातली ज्यू कुटुंबं एकेक करून देश सोडून गेली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी हे घर रफाएलआकांच्या वडिलांकडून विकत घेतलं होतं. व्यवहार चोख झाला होता. तरी म्हातारा अंगणातली तुटकी पायरी न बघता ओलांडायचा, आणि होसियतला आपणच परक्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. अशा माणसाला पर्यटक लिहायला तिचा हात धजेना. आज लिहू, उद्या लिहू करत ती पुलाव वाढत राहिली. आम्हा बुखाऱ्याच्या बायकांचं हे असंच. समोरचा पोटभर जेवला की सरकार-बिरकार सगळं विसरायला होतं.

सरकार मात्र विसरत नाही. नोंदीची मुदत संपायच्या दिवशी तपासनीस नोदिर दारात हजर. होसियतच्या मुलाच्या, जाफरच्या वयाचा. नोंद राहिल्याबद्दल होसियतला आधी एकदा ताकीद मिळाली होती. आता चूक सापडली तर खोल्या भाड्यानं द्यायचा परवानाच जाणार. नवरा गेल्यापासून या भाड्याच्या खोल्यांवरच चूल पेटत होती. जाफर रशियात, थंडीत विटा वाहत होता. इथला जम बसला की तो परतणार होता. त्याची रोटी स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली होती. घरचं माणूस लांब निघालं की रोटीचा एक घास तोडून जातं, आणि उरलेली रोटी त्याची वाट बघत भिंतीवर राहते.

“खाला, हे कोण?” नोदिरनं विचारलं.

“घरचे आहेत.”

“घरचे? पासपोर्ट परदेशी, आडनाव पिनहासोव! खाला, मलाही वरच्यांना तोंड द्यायचंय. नातं तरी सांगा.”

रफाएलआकांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“नातं कुठलं, साहेब? मी पर्यटक. बाई रोज मागे लागल्या होत्या, मीच टोलवत राहिलो. लिहा, आणि हा घ्या कर.”

नोदिर पासपोर्टकडे बघत राहिला. “जन्म बुखाऱ्याचा दिसतोय. कुठला मोहल्ला?”

म्हाताऱ्यानं जर्दाळूकडे नजरसुद्धा वळवली नाही.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

नोंद झाली, परवाना वाचला. नोदिर गेल्यावर होसियत डोक्यावरच्या रुमालात तोंड खुपसून रडली. आपली चूल राहावी म्हणून या माणसानं स्वतःचं जन्मघर नाकारलं होतं, आणि ती गप्प उभी राहिली होती. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

सकाळी टॅक्सी आली. होसियतनं तंदूरमधली ताजी रोटी पुढे धरली.

“पर्यटकाला शिदोरी?” रफाएलआका हसायला गेले.

“शिदोरी नाही, आका. एक घास घ्या, उरलेली मला द्या.”

हसू तिथेच विरलं. त्यांनी रोटी दोन्ही हातांत घेतली, कडेचा घास तोडला. तो तोंडात घातला. उरलेली रोटी तिच्या हातात देऊन ते मान खाली घालून टॅक्सीत बसले.

पुढच्या तपासणीला नोदिर आला तो स्वयंपाकघराच्या दाराशीच थबकला. खुंटीला दोन रोट्या होत्या.

“खाला, जाफर तर तुमचा एकुलता एक. मग ही दुसरी कुणाची?”

“घरातल्या थोरल्याची,” होसियत म्हणाली, आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.