करपलेला लार्च

"करपल्या लार्चावर कुऱ्हाड टाकू नये,
यानेझाची शेकोटी पेटेतो थांबावं गं बये."

सासूबाई हे गाय पिळताना म्हणायच्या, दुधाच्या धारेच्या ठेक्यावर. यानेझाची शेकोटी म्हणजे जूनअखेरीस त्या संताच्या सणाला गावात पेटते ती. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, तरी मे सरता सरता दारचा लार्च तांबूस पडला आणि पोलोनाच्या कानात तोच आवाज आला.

झाड तिच्या नवऱ्यानं लावलेलं. तो गेल्यापासून दाराशी त्याची खूण तेवढीच. आणि मुलगा मातेव्झ पायरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता.

"थंडीनं जाळलंय, आई. मेलं ते. घराच्या छपराला नवी लाकडी कौलं होतील."

"कौलांचं लाकूड हिवाळ्यात पाडतात, उतरत्या चंद्राला. आता रस चढलेला असतो. कौलं पहिल्या उन्हात वाकतील."

"मेलेल्या झाडाला कुठला रस?"

"जीभ आजीची घेतलीस. घाई कुणाची रे?"

पोलोनानं डहाळी वाकवली. लार्चची पानं सुईसारखी. त्यातलं एक करपलेलं तिनं नखानं चिरलं. आत पोकळ, नुसतं टरफल. शेजारच्या सुईवर तांदळाच्या कणीएवढी नळी उभी होती. ती हलली.

"हे बघ, पाकोळीचं पोर, अळी. सुई आतून खातं, रिकामी झाली की टोक कातरतं आणि तेच घर अंगावर घालून पुढं निघतं. थंडी नाही, पाहुणे आलेत."

"पाहुण्यांनी यजमानच खाल्ला म्हणायचा."

"शेकोटीपर्यंत थांब."

मातेव्झ थांबला, पण धुसफुसत. रोज आधी छपराकडे बघायचा, मग झाडाकडे. छप्पर काही आज गळत नव्हतं. आताच निकड कसली, पोलोनाला उमगेना. विचारलं की तो कुट्टूच्या पिठाच्या उकडीत चमचा फिरवत बसायचा.

जूनमध्ये बारक्या चंदेरी पाकोळ्या फांद्यांभोवती भिरभिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. शेकोटीच्या दिवशी सकाळी पोलोना दारात आली, तर डहाळीडहाळीवर कोवळे हिरवे झुबके. मातेव्झ आधीच झाडाखाली उभा होता.

"जगला बघ," ती म्हणाली. "कौलांना हिवाळ्यात रानातलं एखादं पाड."

त्यानं खालची फांदी धरून ठेवली.

"हिवाळ्यात मी नसेन, आई. सीमेपलीकडे ग्राझ शहरात काम मिळालंय, सप्टेंबरपासून. तू एकटी राहणार. निदान घर गळू नये, एवढंच मनात होतं."