डाव्या गालावरचा तीळ

माझा नवरा तुच्चो चित्रं काढायचा, पण लुक्का गावात त्याला सगळे रंगारीच म्हणत. गावच्या कारागिरांच्या संघाच्या वहीतही त्याचं नाव औषधवाल्यांच्या यादीत, कारण रंग त्यांच्याच दुकानात मिळत. "मूळव्याधीचे लेप विकणाऱ्यांच्या शेजारी माझं नाव!" असं म्हणून तो जेवता जेवता चरफडायचा.

लोकरीचे व्यापारी गेरार्दो, ज्यांना सगळे अदबीने मेसेर म्हणत, त्यांनी त्याला चर्चसाठी मोठं चित्र सांगितलं. बाळ येशूपुढे गुडघे टेकलेले तीन राजे, मागे गर्दी, आणि गर्दीत अर्थातच स्वतः गेरार्दो. आठ दिवस आरशासमोर बसून तुच्चोने त्यांच्या शेजारी स्वतःलाही उभं केलं, थेट बघणाऱ्याकडे डोळे लावून. ते पाहून मी घाबरले. पण खरं सांगते, अभिमानही वाटला.

पडदा निघाला आणि गेरार्दो भडकले.

"हा कोण माझ्या खांद्याला खांदा लावून? तूच ना रे? रंगाऱ्या, तुझी ही मजल! खरवडून काढ."

तुच्चो पुढे सरसावला. चित्राखाली नाव लिहायला त्याला मनाई होती. मागे उरणार होतं ते एवढं तोंडच. आता हा खरं बोलून बसणार, असं दिसताच मी मध्ये पडले.

"अहो मेसेर, नीट बघा तरी! ह्यांचा तीळ डाव्या गालावर. चित्रातल्याचा उजव्या. हे ते कसे असतील?"

गेरार्दोंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तीळ खरंच उजवीकडे होता. तुच्चोने आरशात दिसला तसा काढला होता. मी वीस वर्षं पाहत होते तो चेहरा बिचाऱ्याने कधी पाहिलाच नव्हता.

"मग कोण हा?"

"मेंढपाळ," तुच्चो पुटपुटला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "पिएरा, तोंड राहिलं. पण ते माझं नाही, असं मीच सांगून आलो."

"राहिलं ना? मग जेवा," मी म्हटलं. तो जेवला नाही.

तो जाऊन अकरा वर्षं झाली. आता सरदार लोक चित्रकारांना पंगतीला बसवतात. परवा चर्चमध्ये त्या चित्रापुढे नवे पाद्रीबाबा मला म्हणाले, "काढणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. पण हा मेंढपाळ किती जिवंत आहे!"

"तोच काढणारा. माझा नवरा."

ते हसले. "आजी, त्यांचा तीळ दुसऱ्या गालावर होता, हे तुम्हीच सांगितलंत म्हणे."

मी तडक घरी जाऊन तुच्चोचा आरसा आणला. पाद्रीबाबांना चित्राकडे पाठ करून उभं केलं आणि आरसा त्यांच्या हातात दिला.

"ह्यातच बघून त्यांनी स्वतःला काढलं. आता ह्यातच बघा."

ते पाहत राहिले. त्यांच्या खांद्याआडून मीही पाहिलं. तीळ डाव्या गालावर होता. अकरा वर्षांनी माझा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि मला रडू आवरेना.

"नाव काय होतं त्यांचं?" पाद्रीबाबांनी हळूच विचारलं.

"तुच्चो," मी म्हटलं. "चित्रकार."